पाडव्याचं निळं पातळ

चिखली,
रविवार, २७ नोव्हेंबर १९६६

चि. सौ. प्रेमला हिला,

मागच्या खोलीतून अनेक आशीर्वाद. पुढची खोली बरेच दिवस झाडलेली नाही, म्हणून तिकडून देत नाही.

भाऊबीजेला शेषरावाबरोबर माहेरी गेलीस तेव्हा आठ दिवस म्हणाली होतीस. आज तेरा दिवस झाले. तेरावा दिवस म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून दोन आठवडे म्हणू. मी पोरांना चित्रकला शिकवतो, गणित नाही, तरी आठ आणि चौदा यांतला फरक मला कळतो. आईंची तब्येत बरी नाही का? की वेचणीला बायका मिळत नाहीत म्हणून शेषरावानं तुला कपाशीत उतरवलं? जे असेल ते लिही. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला एक पोस्टकार्ड लिहिता येतं.

आपलं भांडण झालेलं नाही. मी नीट आठवून पाहिलं. दिवाळीत एकदाच माझा आवाज चढला होता, तो पाडव्याला, आणि तो तुझ्यावर नव्हता, रंगावर होता. रंगावर चढलेला आवाज कुणी मनाला लावून घेत नाही. तू मुकाट्यानं फराळाचं ताट वाढलंस, दुसऱ्या दिवशी शेषराव आला, तू गेलीस. यात भांडण कुठं आहे ते मला सापडत नाही. पण परवा माझं लाकडी विमान गुंडाळायला जुनं धोतर शोधत होतो, तेव्हा पाहिलं तर कोपऱ्यातली तुझी ट्रंक नाही. आठ दिवसांसाठी कुणी ट्रंक नेतं का?

भाकरी शेजारच्या चांगुणाबाई देतात. देताना गालात हसतात. काय झालं म्हटलं तर म्हणतात, "काई नाई गुरुजी, प्रेमला आली की तिच्याच तोंडून आयकीन." काय ऐकणार आहेत कोण जाणे. गल्लीत सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि मला नाही, असं वाटायला लागलं आहे.

विमानाचं विचारशील तर जिथं होतं तिथंच आहे. सव्वीस जानेवारीला बुलढाण्याच्या प्रदर्शनात ते मांडायचं हे हेडमास्तरांनी साऱ्या शाळेसमोर जाहीर केलंय, त्यामुळं आता माघार नाही. लाकूडकाम झालं. फुटाला पाऊण इंच या हिशेबानं बावीस इंच लांबी बरोबर बसली. वरचा राखी रंगही बसला. पोट तेवढं निळं करायचं राहिलं. पाडव्याला त्याचं काय झालं ते तू पाहिलंसच. ते सगळं मी पॉलिश कागदानं घासून काढलं, त्याला दोन दिवस गेले.

कधी येतेस ते कळव, म्हणजे स्टँडवर येईन.

नीळकंठ


चिखली,
मंगळवार, ६ डिसेंबर १९६६

प्रेमला,

तुझं पत्र नाही, पण तुझा भाऊ भेटला. रविवारी खामगावला. तो कापसाच्या जिन कारखान्याबाहेर गाड्यांच्या रांगेत होता आणि मी कामानं गेलो होतो. कसलं काम ते पुढं कधीतरी सांगेन, विशेष काही नाही.

मी विचारलं, प्रेमला का येत नाही? शेषराव बैलाची मान खाजवत म्हणाला, "ताईले इचारलं म्या, दाजी. ताई म्हनते काई नाई. मंग आईले इचारलं. आई म्हने, पातळाचं झालं."

मी म्हटलं, कसल्या पातळाचं?

"पाडव्याच्या. पाडव्याच्या पातळाचं फसलं म्हने. आता तुमाले मालूम नाई तं मले काय मालूम राहीन?" तेवढ्यात पुढची गाडी हलली आणि त्याला बैल हाकावे लागले.

म्हणजे रंगावरूनच झालं. पाडव्याला रंग पातळ झाला, तो फसला, मी ओरडलो, आणि ते तुला लागलं. एवढ्या तेवढ्याचं तू आईंना सांगशील असं वाटलं नव्हतं, पण सांगितलंस ते बरं केलंस, निदान मला कळलं. माझी चूक मी कबूल करतो. तुझा पंप बरोबर होता. चूक पाण्याची होती.

तुला हे कधी समजावून सांगितलं नाही, म्हणून आता सांगतो. हा रंग आपल्या तेलाच्या रंगासारखा नाही. प्लास्टिकचा आहे. पाण्यात मिसळतो, पण एकदा वाळला की पाण्याला ओळख दाखवत नाही. डब्यातून निघतो तेव्हा श्रीखंडासारखा असतो. तसा तो रंग फवारायच्या हवेच्या ब्रशात घातला तर बारीक भोकात अडकून बसतो आणि थुंकल्यासारखा उडतो. म्हणून तो पातळ करायचा. किती, तर दुधासारखा. तेही गाईच्या दुधासारखा, म्हशीच्या नाही. मग मलमलीतून गाळायचा, कारण एक कणसुद्धा अडकतो. ग्लिसरिनचा एक थेंब घालायचा, म्हणजे भोकाच्या तोंडाशी वाळत नाही. पाणी उकळून निवलेलं घ्यायचं, आपल्या विहिरीचं घेतलं तर पांढरे ठिपके उमटतात. फवारा चार बोटांवरून मारायचा, हात थांबवायचा नाही. एका वेळी पुरता रंग दिसलाच नाही पाहिजे. नुसती धूळ बसल्यासारखं व्हावं, ते वाळू द्यावं, मग पुन्हा. घाई केली की ओघळ.

पाडव्याला मी घाई केली. पाणी जास्त पडलं. ट्रकच्या ट्यूबमध्ये तू सायकलच्या पंपानं हवा भरत होतीस, ती अगदी हवी तेवढी होती. तू मधे काहीतरी म्हणालीसही, पण मला नीट ऐकू आलं नाही. निळा रंग पोटावरून ओघळून पंखांच्या कडेपर्यंत गेला आणि मी म्हणालो, 'इतक्या जोरात कशाला मारतेस, हे काय दळण आहे?' हे मी बोलायला नको होतं. तू मनातून काढून टाक आणि ये.

ओवाळायला आलीस तेव्हाही मी जरा घाईत होतो. ओवाळणीत काय घातलं ते आता आठवत नाही, पण घातलं असेलच.

नीळकंठ


चिखली,
रविवार, १८ डिसेंबर १९६६

प्रेमला,

मी गाढव आहे. हे तुझ्या घरी वाचून दाखवलंस तरी चालेल.

काल बाजारातून येत होतो. कापडवाल्यानं गादीवरूनच हाक मारली, "या गुरुजी, नवीन पातळं आली हायेत, मंडळीसाठी घेऊन जा." मी दहा पावलं पुढं गेलो आणि रस्त्यातच उभा राहिलो. मागून येणारी सायकल अंगावर आली.

पातळ. नेसायचं पातळ. बारा दिवस मी तुला रंगात पाणी किती घालायचं ते सांगून बसलो, आणि तू बोलत होतीस लुगड्यापातळाचं.

घरी येऊन कामाची वही काढली. त्यात दसऱ्याच्या सुमाराला मी लिहिलेलं पान आहे. त्या पानाच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलंय. म्हणजे ते तू वाचलंस. मी काय लिहिलं होतं ते इथं जसंच्या तसं उतरवतो:

"पाडवा. निळं पातळ. चा. ची पसंती घेणे. प्रे.ला आधी सांगू नये."

प्रेमला, हे वाचून तुझ्या मनात काय आलं असेल ते मला कळतं. तुझ्या जागी कुणीही असती तरी तिच्या मनात तेच आलं असतं. नवरा पाडव्याला कुणा बाईच्या पसंतीनं निळं पातळ घेतो आणि बायकोला सांगू नये म्हणून वहीत टिपून ठेवतो. तू ट्रंक नेलीस यात नवल नाही. विहीर जवळ केली नाहीस हे माझं नशीब.

पण तसं काहीही नाही. निळं पातळ म्हणजे निळा पातळ केलेला रंग. विमानाच्या पोटाला. पाडव्याला, कारण त्या दिवशी शाळेला सुट्टी. तुला सांगू नये, कारण सणाच्या दिवशी रंग कालवत बसणार म्हटलं असतं तर तू रागावली असतीस. एवढंच. 'पातळ रंग' असं पुरतं लिहायला मला काय झालं होतं?

आता 'चा.' कोण ते सांगतो. सांगायलाच हवं. चा. म्हणजे चारुलता. खामगावला लक्ष्मीकांतरावांचा फोटो स्टुडिओ आहे, त्यांची ही मुलगी. वय तीसच्या आसपास, लग्न झालेलं नाही, कारण विचारलं नाही. फोटोवरचे डाग, देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं, हे ती हवेच्या ब्रशानं असं घालवते की माणसाला स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही. हवेचा ब्रश तिचाच. पेनाएवढा असतो, वर एक इवलीशी वाटी. मी तिच्याकडं तो शिकायला जायचो. दिवाळीच्या सुट्टीत तिनं तो मला घरी न्यायला दिला, तोच तू पाहिलास. शाळेचा आहे असं मी तुला सांगितलं होतं. तो शाळेचा नव्हता. हे खोटं मी का बोललो ते मलाही सांगता येत नाही, पण बोललो खरं.

निळ्याची छटा कोणती घ्यायची ते तिला विचारायचं होतं. पसंती एवढीच. पातळ घेतलं नाही, दिलं नाही, मनातही आलं नाही. तिच्या वडिलांच्या देखत सगळं काम चालतं. वडील बहुतेक वेळा पुढं दुकानात असतात, पण मधलं दार उघडं असतं.

चुकीची समजूत झाली होती, ती आता फिटली असेल. शुक्रवारच्या गाडीनं ये. मी स्टँडवर असेन.

नीळकंठ

ता. क. शुक्रवारी नाही जमलं तर शनिवारी ये. रविवारी मी नसेन. म्हणजे असेन, तू येणार असलीस तर.


चिखली,
रविवार, १ जानेवारी १९६७

प्रेमला,

तू शुक्रवारी आली नाहीस. शनिवारीही नाही. दोन्ही दिवस शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत मी स्टँडवर उभा होतो. दुसऱ्या दिवशी कंडक्टरच म्हणाला, "गुरुजी, आता ड्रायव्हरच राह्यला, त्याले नेता का?" त्यानंतरचा आठवडाही गेला.

मी सगळं सांगितल्यावरही तू गप्प आहेस. याचा अर्थ मी असा लावतो की मी सगळं सांगितलेलं नाही हे तुला ठाऊक आहे. कसं ठाऊक झालं? शेषरावानं त्या रविवारी मला स्टुडिओच्या पायरीवर पाहिलं का? तो काही बोलला नाही, पण असलं तो माझ्या तोंडावर बोलणाऱ्यातला नाही. की चांगुणाबाईंच्या कुणाचं खामगावात येणंजाणं आहे? त्या आता भाकरी देताना हसत नाहीत. ताट ठेवतात आणि जातात. मी पुन्हा पुन्हा तेच चघळतो आहे आणि काही उमगत नाही. वर्गात काल पोरांना पेरू काढायला सांगितला आणि फळ्यावर मी स्वतः वांगं काढलं.

तेव्हा उरलेलंही सांगून टाकतो.

हवेचा ब्रश शिकायला दोन रविवार लागतात. मी अकरा रविवार गेलो. पहिल्या रविवारी चारुलताबाईंनी माझं बोट धरून दाखवलं, खाली दाबलं की हवा, मागं ओढलं की रंग. बोट धरलं ते शिकवण्यापुरतंच. दुसऱ्या रविवारी मला ते आलं. तिसऱ्यापासून मी का जात होतो? रंग किती पातळ करायचा हे विचारायला. दर वेळी तेच विचारायचो आणि दर वेळी त्या तेच सांगायच्या, गाईच्या दुधाएवढा, गुरुजी. मग मी रंग कालवायचो, त्या ब्रशाची सुई पुसून द्यायच्या, आणि विमानाच्या पंखाबद्दल बोलायचो. कुणीतरी माझं विमान वळवून वळवून बघत होतं. प्रश्न विचारत होतं. मला तिथं बसायला बरं वाटायचं. यापलीकडं काही नाही, पण यापलीकडं काही नाही म्हणणारा माणूस दर रविवारी दाढी करून जात होता हेही खरं आहे.

आणि एक. हे लिहू की नको असा विचार करत मी दोन कागद फाडले. एकदा त्यांनी विचारलं, "घरी मंडळी काय म्हणतात विमानाला?" मी म्हणालो, "तिला त्यातलं काही कळत नाही." त्यांनी मान हलवली आणि सुई पुसायला लागल्या. परत येताना गाडीत मला स्वतःचीच लाज वाटली. तू मलमलीतून माझा रंग गाळून दिला होतास त्याला तेव्हा चार दिवस झाले होते. लाज वाटली आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो.

आता माझ्याजवळ लपवलेलं काही उरलं नाही. दिवाळीनंतर ब्रश परत करायला गेलो तेव्हा शेषराव भेटला. त्यानंतरही गेलो. आजही जाणार होतो. हे पत्र लिहीत बसलो म्हणून गाडी चुकली.

माझ्यावर काय आरोप आहे ते तरी सांग. अजून काय कबूल करायचं ते मला कळत नाही.

नीळकंठ


वरवट बकाल,
सोमवार, ९ जानेवारी १९६७

सौ. प्रेमलाचा नमस्कार.

तुमची चारी पत्रं पावली. मी हे स्वतः लिवते, कोणाच्या हातून लिवून घेतलं नाही. शुद्ध नसन तं पोरांच्या वहीसारखं लाल शाईनं दुरुस्त करजा.

मी तुमच्यावर कायचाबी आरोप केला नाही.

वहीतलं पान म्या वाचलं हे खरं आहे. दसऱ्याले तुमची वही पुसून पूजेत ठेवली, तवा वाचलं. पाडवा, निळं पातळ, प्रे.ले आधी सांगू नये. मले वाटलं माह्यासाठी.

आपल्या लग्नाले सात वर्सं झाली. लुगडी माह्या माहेरून येतात, उंद्रीहून तुमच्या घरून येतात, तुम्ही आणलेलं एकबी नाही. त्याचं मले काई वाटत नोयतं, मास्तरच्या घरात कागद-रंग आधी येतात हे मले समजलं होतं. पन गल्लीतल्या साऱ्या मास्तरणी पातळ नेसतात आन् मी लुगडं. तं मले वाटलं तुमच्याबी ध्यानात आलं. चा. म्हंजे मी चांगुणाबाई समजली. गल्लीत कोणालेबी पातळ घ्यायचं असलं तं त्यायलेच नेतात, त्यायची पसंती चांगली म्हणून. मले वाटलं तुम्ही त्यायले इचारलं आन् मले सांगू नका म्हणून बजावलं. म्या त्यायले डोळ्यानं इचारलं तं त्या हासल्या. मी अजून खुश झाली. आता समजते, त्यायले वाटलं मलेच काई सांगायचं आहे.

आठ-दहा दिस मी कोणाले बोलली नाही. मंग राहवलं नाही. आईले पत्र लिवलं, वहिनीले लिवलं, का औंदा तुमचे जावई पाडव्याले निळं पातळ घेऊन राह्यले, भाऊबीजेले नेसून येतो.

पाडव्याले मी मुद्दाम जुनं लुगडं नेसली. म्हटलं ओवाळलं का बदलता येते. तुम्ही मागच्या खोलीतून हाक मारली, लवकर ओवाळ, रंग वाळून राह्यला. तबकात काय टाकलं ते तुम्हाले आठवत नाही. मले आठवते. काईच नाही टाकलं. निळ्या बोटानं माह्या हातातलं तबक बाजूले सारलं आन् म्हटलं पंप मार. तवा वाटीतला निळा रंग पाह्यला आन् मले समजलं का निळं पातळ कोनतं होये ते. मी तुमच्यावर रागावली नाही. माह्यावर रागावली. कोणी सांगितलं नोयतं मले वाचाले.

पंप मारता मारता मी काय म्हटलं ते तुम्हाले आयकू नाही आलं. मी म्हटलं, हे तं गाईच्या दुधाहून पातळ झालं, ओघळन. माह्या बापाच्या घरी पाच गाई होत्या. मले कळते.

मंग मी भाऊबीजेले जुनंच लुगडं नेसून आली. आई पाहे, वहिनी पाहे. वहिनीनं चहा देता देता एकदा म्हटलं, पातळ ट्रंकीत ठेवलं का गं? मी हो म्हटलं. म्हणून ट्रंक घेऊन आली होती, का ट्रंक असली तं कोणाले वाटन आत आहे. चार दिसांनी आईनं ट्रंक उघडली.

लाज वाटली म्हणून राह्यली. आठ दिसाचे पंधरा झाले, कारन तुमच्या घरी चांगुणाबाईलेबी पातळाचं सांगितलं होतं, पाडव्याच्या सकाळी, ओवाळाच्या आधी. म्हटलं महिन्यानं सारे भुलतीन, मंग जाईन. तुमचं रंगाचं पत्र आलं ते वाचून मी हासली. आईले वाचून दाखवलं, आईबी हासली. म्हने, पोट्टी, माणूस भोळा आहे, जाय आता. शेषरावले शुक्रवारची गाडी सांगितली. ट्रंक भरली.

तवा तुमचं तिसरं पत्र आलं.

चारुलताबाई कोण हे मले तुमच्याच पत्रातून समजलं. त्याच्या आधी मले काई मालूम नोयतं. शेषरावनं काई पाह्यलं नोयतं. चांगुणाबाईचं खामगावात कोणी नाही. मी गप्प होती ते ट्रंकीतले कपडे पुन्हा बाहेर काढून राह्यली होती म्हणून गप्प होती. मंग चौथं आलं. अकरा रविवार म्या बोटावर मोजले. आन् ते दुसरं, मले त्यातलं काई कळत नाही म्हटलं ते. हे सारं तुम्ही नसतं लिवलं तं मले ह्या जन्मात समजलं नसतं. मी शुक्रवारीच येऊन गेली असती आन् तुमचा रंग गाळत बसली असती.

मले येऊन जा म्हणू नका. नको येऊ, असंबी म्हणू नका. मले एकच सांगा. कोणी इचारलं नोयतं, कोणाले मालूम नोयतं, तं तुम्ही हे मले काऊन सांगितलं?

प्रेमला


चिखली,
गुरुवार, १२ जानेवारी १९६७

प्रेमला,

तुझं पत्र काल दुपारी शाळेत मिळालं. मधल्या सुट्टीत वाचलं. पुढचा तास मी घेतला नाही, पोरांना म्हटलं काय हवं ते काढा.

लाल शाई लावण्यासारखं त्यात काही नाही. एकही अक्षर इकडचं तिकडं करावंसं वाटलं नाही. माझी चार पत्रं पुन्हा आठवून पाहिली, त्यात मात्र पानोपानी लाल शाई लागेल.

मी हसलोही. ते सांगायला हवं. ज्या चोरीचा कुणाला पत्ता नव्हता ती मी सहा पानं भरून स्वतःच कबूल केली, तीही निरोप चुकीचा ऐकून. आपल्या भागात म्हणतात, खाई त्याला खवखवे. मला तर इतकं खवखवत होतं की तू नुसती लाजेनं माहेरी थांबली होतीस आणि मला वाटलं माझा खटला चालू आहे. हसलो आणि मग ट्रंकीशी आलो, तिथं हसू थांबलं. आईंनी ट्रंक उघडली तेव्हा तू तिथंच उभी होतीस का, हे तू लिहिलं नाहीस. मी कालपासून तेच बघतो आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर काल रात्रीपासून शोधतो आहे. पहिलं सुचलं ते असं की मी प्रामाणिक आहे म्हणून सांगितलं. ते खोटं आहे. प्रामाणिक माणूस हवेचा ब्रश शाळेचा आहे असं सांगत नाही. दुसरं असं की पकडलो गेलो असं वाटलं म्हणून सांगितलं. ते निम्मं खरं आहे. तिसऱ्या पत्राला ते लागू पडतं. चौथ्याला पडत नाही. ते शेवटचं वाक्य, तुला काही कळत नाही हे मी म्हणालो ते, त्या वेळी खोलीत चारुलताबाई आणि मी दोघंच होतो. ते तुला कुणी सांगणंच शक्य नव्हतं. तरी मी ते लिहिलं.

मला वाटतं ते असं आहे. त्या दिवशी गाडीत लाज वाटली, ती मला कुणाला तरी सांगायची होती. आणि मला काही सांगायचं असलं की मी तुला सांगतो. विमानाचा पंख मोडला तेव्हा तुलाच सांगितलं, हेडमास्तर बोलले तेव्हा तुलाच. खामगावला मी अकरा रविवार बसलो, तिथं मी फक्त माझं कौतुक सांगितलं. माझी लाज मी तिथं सांगितली नाही, सांगावीशी वाटलीही नाही. ती घेऊन घरी आलो. तुझ्याविषयीची लाज तुलाच सांगायची, हे मला वेड्यासारखं वाटतं, पण दुसरं कुणी मला नाही. याहून बरं उत्तर सापडलं तर कळवीन, पण सापडेल असं वाटत नाही.

रविवारी मी वरवट बकालला येतो आहे. त्या दिवशी संक्रांतीची कर आहे, करीला घराबाहेर पडू नये म्हणतात, पण चांगले मुहूर्त पाहून मी आजवर काय दिवे लावले ते तू पाहिलंसच. खामगावला गाडी बदलावी लागते, त्याला माझा इलाज नाही. स्टँडच्या बाहेर पाऊल टाकणार नाही.

पातळ आणत नाही. आणलं तर झालेलं मिटवायला आणलं असं दिसेल, आणि ते खरंच असेल. मी येतो आहे ते आईंसमोर, वहिनींसमोर आणि शेषरावासमोर बसून सांगायला, की वहीत पातळ मी लिहिलं, ते रंगाचं होतं, प्रेमलाला जे वाटलं ते वाटणं बरोबर होतं आणि मला ते सात वर्षांत एकदाही सुचलं नाही. तुझी लाज तिथं एकटीची आहे, ती खरं तर माझी आहे. सगळे हसतील. शेषराव तर जिनापर्यंत सांगत जाईल. हसू देत. खामगावचं मात्र मी चारचौघांत बोलणार नाही. ते तुझं आहे, तुला बोलायचं तर तू बोल.

प्रदर्शनाचं काही ठरवलेलं नाही. विमानाचं पोट अजून पांढरंच आहे आणि हेडमास्तर रोज विचारतात.

परतीची गाडी दुपारी चारला आहे. तिच्यात मी एकट्यानं बसायचं की दोघांनी, हे मी विचारणार नाही. मला ओसरीवर बसवायचं की आत, हेही तूच ठरव. मी चपला काढून दारात उभा राहीन.

नीळकंठ